अ‍ॅनिमेशनपटाची गोष्ट अर्ध्या वाटेवर बदलते ती का आणि कशी?

पेन्सिलटोक

'टॉय स्टोरी'तला वुडी हा बाहुला आज लहानथोर सगळ्यांचा लाडका आहे. पण १९ नोव्हेंबर १९९३ ला पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या मंडळींनी डिस्नेच्या वरिष्ठांना जे कच्चं रीळ दाखवलं, त्यातला वुडी पक्का खडूस होता. बाकीच्या खेळण्यांवर डाफरायचा, बिचाऱ्या स्लिंकीला घालूनपाडून बोलायचा, आणि बझ या नव्या खेळण्याला खिडकीतून चक्क ढकलून द्यायचा. बघणाऱ्यांना तो इतका नकोसा झाला की डिस्नेने काम थांबवायला लावलं. पिक्सारमध्ये त्या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. गंमत म्हणजे गोष्टीला धार हवी, मोठ्यांनाही बघावीशी वाटली पाहिजे, हा आग्रह डिस्नेच्या जेफ्री कॅट्झनबर्ग यांचाच होता. धार लावता लावता नायकाचा पार खलनायक झाला.

पुढच्या तीनेक महिन्यांत गोष्ट नव्याने बांधली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये सिनेमा लागला. आता त्यांनी नेमकं काय बदललं ते बघा. बझ खिडकीतून पडतो हा प्रसंग आजही सिनेमात आहे. वुडीचा मत्सरही आहे. फक्त आता वुडीला बझला टेबलामागे पाडायचं असतं आणि भलतंच घडून तो खिडकीबाहेर जातो. पण माझ्या मते खरी करामत त्याच्याही आधी आहे. सुरुवातीलाच वुडी सगळ्या खेळण्यांची बैठक घेतो. घर बदलायचंय, कोणी मागे राहायला नको, म्हणून प्रत्येकाने एक जोडीदार धरून ठेवा, असं बजावतो. वरवर ही बैठक म्हणजे नुसते विनोद. पण ती बघितल्यावर आपल्या मनात पक्कं बसतं की या माणसाला (बरं, बाहुल्याला) सगळ्यांची काळजी आहे. त्यानंतर तो कितीही जळफळला तरी आपण त्याच्या बाजूने राहतो.

माझं म्हणणं असं, की बनता बनता गोष्ट बदलते तेव्हा बहुतेक वेळा घटना तितक्याशा बदलत नाहीत. आपण कोणाच्या बाजूने बसून ती बघतोय, ते बदलतं. तुम्हाला काय वाटतं? आणखी उदाहरणं असतील तर येऊ द्या. या धंद्यातलं कोणी इथे असेल तर सोन्याहून पिवळं.

मूकवाचक

छान धागा. एक बाळबोध शंका. पटकथा आधी पक्की करून मगच कामाला का लागत नाहीत? इतका पैसा ओतायचा आणि मग "अरे, नायक आवडत नाहीये" म्हणायचं, हे काही झेपलं नाही.

पडद्यामागून

मूकवाचक, शंका बाळबोध नाही. आमच्याकडे हिशेब बघणारी मंडळी दर आठवड्याला हेच विचारतात. :)

मी काही वर्षं स्टोरीबोर्डचं (म्हणजे गोष्ट आधी चित्रांत मांडायचं) काम केलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

नेहमीच्या सिनेमात दिग्दर्शक एकाच प्रसंगाचे चार-पाच टेक घेतो, तीन कोनांतून घेतो, आणि खरी गोष्ट संकलनाच्या टेबलावर बसून जुळवतो. अ‍ॅनिमेशनमध्ये ही चैन परवडत नाही. सेकंदाला २४ फ्रेम. त्यातलं पात्र कोणीतरी घडवलेलं, त्याला हाडं-सांधे बसवलेले, मग कोणीतरी ते हलवणार, कोणीतरी उजेड लावणार. एवढं झाल्यावर "हा प्रसंग काढून टाकू" म्हणणं जिवावर येतं. म्हणून आमच्याकडे संकलन चित्रीकरणाच्या आधी होतं. म्हणजे सिनेमा आधी रेखाचित्रांत बनवायचा, ती चित्रं एकामागे एक लावायची, स्टुडिओतल्याच कोणाच्या तरी आवाजात तात्पुरते संवाद भरायचे, उसनं संगीत टाकायचं आणि अख्खा सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचा. हे स्टोरी रील. ते बघवत नाही म्हटल्यावर पाडायचं आणि पुन्हा बांधायचं. पिक्सारमध्ये दर तीन-चार महिन्यांनी हा सोहळा होतो.

पटकथा असतेच. पण कागदावर वाचताना आपण पात्राचा चेहरा मनातल्या मनात गोड करून घेतो. रीळमध्ये ती सोय नाही. "वुडी रागावतो" हे शब्द कोणाला टोचत नाहीत. तोच वुडी भुवया आकसून स्लिंकीवर खेकसताना बारा चित्रांत दिसला की पोटात ढवळतं.

भिंतीवर चित्रं टाचून गोष्ट रचायची ही पद्धत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत रुळली, आणि तिचं श्रेय बहुधा वेब स्मिथ यांना देतात. आता टाचण्या गेल्या, टॅब्लेट आले. पण खोलीत उभं राहून, सगळ्या पात्रांचे आवाज काढून, हातवारे करून प्रसंग सादर करायचा प्रकार तसाच आहे. माझ्यासारख्या बुजऱ्या बाईलाही अस्वलासारखं गुरगुरावं लागलंय. आणि हे सगळं किती चित्रांचं काम, तर एकट्या 'वॉल-ई'साठी स्टोरीबोर्डची ९८ हजारांच्या वर चित्रं काढली गेली. त्यातली बहुतेक तुम्हाला कधीच दिसणार नाहीत.

तेव्हा तुम्ही म्हणता तो पैसा या टप्प्यावर तुलनेने कमी जात असतो. गोंधळ होतो तो पुढचं खातं चित्रणाला लागल्यावरही गोष्ट हलत राहते तेव्हा. आणि ती राहतेच.

तिरकस रेघ

पडद्यामागून, दंडवत! आणखी येऊ द्या.

शेवटची रांग

मी जरा विरोधी सूर लावतो.

रीळ दाखवा, मतं घ्या, पाडा, बांधा, पुन्हा मतं घ्या. ऐकायला छान आहे. पण दहा जणांनी चाखून मीठ-तिखट जुळवलेला पदार्थ कोणालाच झोंबत नाही आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. गेल्या काही वर्षांतले मोठ्या स्टुडिओंचे अ‍ॅनिमेशनपट घ्या. सुरुवातीला आई किंवा बाप जातो, मध्यावर दोन मित्रांचं बिनसतं, शेवटाकडे जो गोड बोलत होता तोच बदमाश निघतो. इतक्या वेगवेगळ्या लोकांच्या गोष्टी घासून घासून एकाच आकाराच्या कशा होतात?

आणि दुसरं म्हणजे माणसं. 'ब्रेव्ह'ची गोष्ट ब्रेंडा चॅपमन यांना स्वतःच्या मुलीशी असलेल्या नात्यातून सुचली. पिक्सारचा पूर्ण लांबीचा सिनेमा दिग्दर्शित करायला घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री. २०१० मध्ये त्यांना बाजूला करून मार्क अँड्र्यूज यांच्याकडे सिनेमा दिला. पुढे ऑस्कर मिळालं तेव्हा ते दोघांच्या नावे. 'रॅटाटुई' यान पिंकावा यांच्या डोक्यातून निघाली, पूर्ण केली ब्रॅड बर्ड यांनी. 'द गुड डायनोसॉर'चंही तेच. दिग्दर्शक बदलला, आवाज देणारे जवळजवळ सगळे बदलले, तारीख २०१४ वरून २०१५ वर गेली, आणि एवढं करून सिनेमा यथातथाच. तुम्ही याला शोध म्हणा. मला यात एखाद्याच्या हातून त्याची गोष्ट काढून घेणं दिसतं.

गोष्टवेडा

शेवटची रांग, 'द गुड डायनोसॉर'बद्दल हात जोडून सहमत. पण 'रॅटाटुई'च्या बाबतीत नाही. ब्रॅड बर्ड यांनी गुस्तो हा बल्लवाचार्य आधीच मेलेला दाखवायचं ठरवलं. तो नायक असलेल्या उंदराशी बोलतो, पण स्वतःच सांगतो की मी तुझ्या कल्पनेतला आहे. या एका निर्णयाने उंदीर खरा एकटा पडला. कल्पना पिंकावांचीच, ते नाकारत नाही. पण सिनेमा त्या निर्णयावर उभा आहे.

धागाकर्त्याने उदाहरणं मागितलीत, तर माझी दोन आवडती.

पहिलं 'फ्रोझन'. परीकथाकार अँडरसनची 'स्नो क्वीन' १८४४ ची. तिच्यावर सिनेमा काढायचा विचार डिस्नेमध्ये १९४० च्या दशकापासून अधूनमधून चालू होता, जमत मात्र नव्हतं. कारण राणी बर्फासारखी थंड आणि दुष्ट, तिच्या जवळ जायचं कुठून? २०१३ च्या सिनेमासाठीसुद्धा बराच काळ एल्सा, म्हणजे ती राणी, खलनायिकाच होती. त्यातच ती आणि नायिका अ‍ॅना बहिणी आहेत अशी कल्पना निघाली. मग स्टुडिओतल्या बहिणी असलेल्या बायकांना एकत्र बसवून, तुमचं आपसात कसं असतं, काय बोलता, कशावरून भांडता, हे विचारलं गेलं. आणि मग क्रिस्टन अँडरसन-लोपेझ व रॉबर्ट लोपेझ या जोडप्याने 'लेट इट गो' लिहून पाठवलं. गाणं ऐकल्यावर सगळ्यांना कळून चुकलं की हे गाणारी मुलगी दुष्ट असूच शकत नाही. ती घाबरलेली आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोकळी झाली आहे. मग गाण्यासाठी सिनेमाचा पहिला भाग उकलून पुन्हा विणला.

इथे पेन्सिलटोक यांचा मुद्दा तंतोतंत लागू पडतो. बर्फ तेच, राज्य तेच. आपण मात्र आता दाराच्या आतल्या बाजूला बसलोय.

दुसरं 'झूटोपिया'. यात बराच काळ नायक होता निक, म्हणजे कोल्हा. शहरातल्या सगळ्या मांसाहारी प्राण्यांच्या गळ्यात पट्टे. प्राणी जरा उत्तेजित झाला की पट्टा शॉक देणार. कल्पना जबर आहे. अस्वलाच्या पिल्लाला वाढदिवसाला पहिला पट्टा चढवतात असा एक प्रसंगही रचला होता, बघवत नाही. पण रीळ बघणाऱ्यांची तक्रार अशी की आम्हाला हे शहरच आवडत नाही, ते वाचलं काय आणि बुडालं काय. निकला तर पहिल्यापासूनच शहराचा तिटकारा. मग २०१४ च्या अखेरीस, म्हणजे प्रदर्शनाला दीड वर्षही उरलं नसताना, गोष्ट जूडी सशाकडे दिली. तिला शहराचं भारी कौतुक, आपण फार उदार मनाचे आहोत असाही समज. मग तिचा स्वतःचाच पूर्वग्रह उघडा पडतो तेव्हा आपलाही पडतो. पट्टे गेले. लहानग्या निकच्या तोंडाला इतर पोरं मुसकं बांधतात तो प्रसंग सिनेमात आहे, आणि मला त्यात गेलेल्या पट्ट्यांची सगळी धग साठलेली दिसते.

तिरकस रेघ

हे सगळं पिक्सारपासून सुरू झालं असं वाटू नये म्हणून एक जुना दाखला.

१९३८. 'स्नो व्हाइट' तुफान चाललाय आणि 'पिनोकिओ'चं काम सुरू आहे. काही प्रसंग चितारूनही झालेत. वॉल्ट डिस्नेंनी ते बघितले आणि काम थांबवलं. पिनोकिओ लाकडी ठोकळ्यासारखा दिसत होता आणि वागायला आगाऊ होता. कोलोदीच्या मूळ पुस्तकातही तो तसाच आहे म्हणा. मिल्ट काल या तरुण चित्रकाराने आधी एक साधा मुलगा काढला आणि मग त्याला लाकडाचे सांधे जोडले. आगाऊपणा जाऊन भाबडेपणा आला. पण भाबड्या पोराला शहाणपण सांगणार कोण? म्हणून जिमिनी क्रिकेटला पुढे आणलं. मूळ पुस्तकात पिनोकिओ त्या बोलक्या रातकिड्याला हातोडा फेकून मारतो, तेही सुरुवातीलाच! डिस्नेच्या सिनेमात तो गोष्ट सांगणारा झाला, आणि शेवटी सुवर्णपदकही घेऊन गेला.

अवांतर : 'स्नो व्हाइट'मध्ये बुटके सूप पितात असा प्रसंग वॉर्ड किंबॉल यांनी अ‍ॅनिमेट केला होता. उत्तम जमलेला. वॉल्टनी तो काढून टाकला, कारण गोष्ट तिथे थांबत होती. किंबॉल स्टुडिओ सोडून जायला निघाले होते म्हणतात. वॉल्टनी त्यांना जिमिनी क्रिकेट देऊन थांबवून घेतलं.

शेवटची रांग

वॉल्टचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे एक माणूस ठरवत होता. चूक की बरोबर, पण नजर एकाची.

आता समितीने ठरवलं की काय होतं ते बघा. 'द लायन किंग'चे एक दिग्दर्शक रॉजर अ‍ॅलर्स यांनी १९९० च्या दशकात 'किंगडम ऑफ द सन' नावाचा सिनेमा घेतला होता. इंका साम्राज्य, राजा आणि त्याच्यासारखाच दिसणारा, लामा (उंटाच्या जातीतला प्राणी) पाळणारा गरीब तरुण यांची अदलाबदल, आणि सूर्यच विझवायला निघालेली चेटकीण, कारण उन्हाने आपण म्हाताऱ्या होतो असं तिचं म्हणणं! गाणी गायक स्टिंगची. थोडा भव्य, थोडा गंभीर. कच्चं रीळ वरिष्ठांना रुचलं नाही. अ‍ॅलर्सनी जास्त वेळ मागितला, पण तारीख आणि जाहिरातींचे करार आधीच ठरलेले. ते बाहेर पडले. मार्क डिंडाल यांनी त्याची चटपटीत विनोदी गोष्ट केली आणि २००० साली 'द एम्परर्स न्यू ग्रूव्ह' आला. राजाचा लामा होतो एवढं आणि इझ्मा ही चेटकीण मूळ गोष्टीतून शिल्लक राहिली. स्टिंगच्या बहुतेक गाण्यांना जागाच उरली नाही.

हे सगळं स्टिंगच्या पत्नी ट्रुडी स्टायलर आणि जॉन-पॉल डेव्हिडसन यांनी कॅमेऱ्यात पकडलंय. 'द स्वेटबॉक्स' नावाचा माहितीपट. रीळ बघायच्या खोलीला डिस्नेमध्ये पूर्वीपासून हेच नाव, कारण तिथे उकाड्याने आणि भीतीने दोन्हीने घाम फुटायचा. डिस्नेने तो माहितीपट कधी धड प्रदर्शित होऊ दिला नाही. संधी मिळाली तर जरूर बघा, त्यात गोष्ट मारली जाताना माणसांचे चेहरे कसे होतात ते दिसतं.

गोष्टवेडा

पण 'न्यू ग्रूव्ह' धमाल आहे हो! इझ्माच्या हाताखालच्या क्रॉन्कसाठी मी तो केव्हाही बघू शकतो.

आणि स्टिंगचं म्हणाल तर एक बदल त्यांच्यामुळेही झाला. एका आवृत्तीत शेवटी राजा पाचा या लामा पाळणाऱ्याची टेकडी सोडतो, पण शेजारची हिरवी जागा साफ करून तिथे आपली मौजनगरी बांधतोच. आपण इतकी वर्षं वर्षावनं वाचवायला झटतोय आणि हे काय, असं स्टिंगनी पत्र लिहून सुनावलं. शेवट बदलला. आता राजा पाचाच्या शेजारी छोटीशी झोपडी बांधून राहतो. तेव्हा बाहेरच्याचं बोलणं दर वेळी घातकच असतं असं नाही.

शेवटची रांग

क्रॉन्क मलाही आवडतो. तो मुद्दा नव्हे.

पडद्यामागून

मधे कामात होते, आत्ता सगळं वाचलं. शेवटची रांग यांनी दुखरी नस पकडली आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी लिहिते.

एका सिनेमात माझ्याकडे एक प्रसंग होता. कोल्ह्याचं पिल्लू बिळाच्या तोंडाशी बापाची वाट बघतंय. बाप येतो, रिकाम्या तोंडाने. पटकथेत बाप म्हणायचा, "आज काहीच नाही मिळालं," आणि पिल्लू म्हणायचं, "असू दे बाबा." रीळमध्ये लावलं तर सपाट. खोलीत खुर्च्या करकरू लागल्या, म्हणजे समजायचं. मी दोन्ही संवाद काढले. बाप चौकटीत शिरतो, पिल्लाचे कान उभे. पिल्लू बापाच्या तोंडाकडे बघतं. कान पडतात. बाप नजर वळवतो. मग पिल्लू मुद्दाम कान पुन्हा उभे करतं आणि बापाच्या पायांत खेळायला लागतं. शेवटचं ते 'मुद्दाम' दिसण्यासाठी मधे एकच चित्र घातलं, ज्यात पिल्लू एक क्षण जमिनीकडे बघतं. त्या चित्राने काम केलं. पुढच्या वेळी खुर्च्यांचा आवाज आला नाही.

आणि नंतरच्या आवृत्तीत पिल्लू अनाथ झालं. बापच नाही, तर प्रसंग कुठला! हे मला कोणी सांगितलं नाही. पात्रांची नवी यादी आली, तीत बापाचं नाव नव्हतं. स्टुडिओचं नाव घेत नाही, पण राग अजून आहे. बदलाचा नाही, न सांगण्याचा. तोंड उघडून सांगायला किती वेळ लागतो?

आता दुसरी बाजू. पिल्लू अनाथ झाल्यावर सिनेमा सुधारला का? हो, सुधारला. बाप असताना पिल्लाला घर सोडायला कारणच सापडत नव्हतं. आम्ही वणवा लावला, शिकारी आणले, नाना खटपटी केल्या. शेवटाकडे वाटणारी अडचण सुरुवातीत होती. हे इतक्या वेळा घडतं की आता कोणी "शेवट जमत नाहीये" म्हटलं की मी पहिली दहा मिनिटं उघडते. 'फाइंडिंग नीमो' आठवा. नीमोचा बाप मार्लिन या माशाची बायको आणि अंडी बॅराकुडा हा मोठा मासा गिळतो ही हकिकत आधी सिनेमाभर तुकड्यातुकड्यांनी उलगडत होती. तोवर मार्लिन नुसता किरकिऱ्या बाप वाटायचा. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी ती सगळी हकिकत उचलून अगदी सुरुवातीला ठेवली. मार्लिनची किरकिर तितकीच राहिली, पण आता तिचं कारण आपल्याला ठाऊक.

आणि समितीबद्दल. पिक्सारच्या ज्या गटाला 'ब्रेनट्रस्ट' म्हणतात त्याला हुकूम सोडायचा अधिकार नसतो, निदान तत्त्वतः. त्यांनी दुखणं दाखवायचं, औषध दिग्दर्शकाने शोधायचं. जिथे बघणारे लोक औषधही लिहून देतात आणि तेच घ्या म्हणतात, तिथे शेवटची रांग म्हणतात तसं होतं. मी दोन्ही प्रकारच्या खोल्यांत बसले आहे, फरक आत शिरताच कळतो.

निळी शाई

सगळी चर्चा अमेरिकेभोवतीच फिरतेय. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींकडे पाडा-बांधा हा प्रकारच वेगळा आहे.

ते स्टोरीबोर्ड स्वतः काढतात आणि ते पूर्ण व्हायच्या आतच अ‍ॅनिमेशन सुरू होतं. शेवट काय ते काम करणाऱ्यांना माहीत नसतं, कित्येकदा त्यांनाही नसतं. म्हणजे मागे जाऊन पुसायची सोय नाही. जे काढलं ते काढलं, आता इथून पुढे गोष्ट कुठे वळते ते बघायचं.

'स्पिरिटेड अवे' असाच वळला. आधीच्या बेतानुसार छोटी नायिका चिहिरो स्नानगृहाची मालकीण असलेल्या युबाबा या चेटकिणीला हरवणार होती, मग कळणार होतं की युबाबामागे तिची आणखी ताकदवान बहीण झेनिबा आहे, आणि मग तिच्याशी सामना. हिशेब केला तर सिनेमा तीन तासांच्या वर जात होता. तोवर अर्धा सिनेमा बनत आलेला. तेव्हा मियाझाकींनी आधीच काढून झालेल्या भागात कोण मोकळं आहे ते पाहिलं. पुलावर एक मुखवटा घातलेली काळी आकृती नुसती उभी होती. तिला बोलावून घेतलं. तोच काओनाशी, ज्याने पुढे सगळं स्नानगृह खायला काढलं. झेनिबा राहिली, पण शत्रू म्हणून नाही. चहा पाजणारी, लोकर विणायला लावणारी म्हातारी झाली. आगगाडीचा तो अप्रतिम प्रवास त्याच वळणानंतरचा.

'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'सुद्धा आधी तासाभराचा छोटा सिनेमा व्हायचा होता आणि दुसरा कोणी दिग्दर्शित करणार होता. करता करता १०२ मिनिटांचा झाला आणि दिग्दर्शन मियाझाकींकडे आलं. मूळ लेखिका एइको कादोनो यांना आपल्या गोष्टीतले बदल सुरुवातीला रुचले नव्हते.

या पद्धतीत गोष्ट सुबक होत नाही, हे खरं. 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'चा शेवट मला आजही घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो. पण शेवटची रांग म्हणतात तो एकसारखेपणा मात्र इथे औषधालाही सापडणार नाही.

शेवटची रांग

निळी शाई, +१०००. हेच म्हणायचं होतं.

पेन्सिलटोक

निळी शाई, काओनाशीची हकिकत मस्तच. पण ही पद्धत मियाझाकींना जमते म्हणून सगळ्यांना जमेल असं नाही. रिचर्ड विल्यम्स यांचा 'द थीफ अँड द कॉब्लर' आठवा. १९६४ पासून सुरू. हाताने काढलेलं इतकं अवघड अ‍ॅनिमेशन क्वचितच कोणी केलं असेल. पण विल्यम्सना स्टोरीबोर्डमध्ये स्वतःला बांधून घ्यायचं नव्हतं. ते एकेक प्रसंग अप्रतिम करत गेले आणि गोष्ट मात्र हातात येईना. १९९२ मध्ये सिनेमा पूर्ण करून द्यायची हमी घेतलेल्या कंपनीने तो त्यांच्याकडून काढून घेतला, दुसऱ्यांकडून गाणी घालून कसाबसा उरकला. एका माणसाची नजर होती, तीस वर्षं होती, तरी ही गत.

मूकवाचक

माझ्या बाळबोध शंकेवरून गाडी कुठल्या कुठे गेली, मजा येतेय. वाचनखूण साठवली आहे. आता दुसरी शंका : थांबायचं कधी हे कसं कळतं? नाहीतर माणूस जन्मभर बदलतच राहील.

पडद्यामागून

कळत नाही. तारीख थांबवते. :)

विनोद बाजूला ठेवला तरी हेच उत्तर आहे. 'टॉय स्टोरी २' आधी थेट व्हिडिओवर यायचा होता, मग थिएटरसाठी करायचं ठरलं. १९९८ च्या शेवटी रीळ बघितलं तर कोणालाच पसंत नाही, आणि नोव्हेंबर १९९९ ची तारीख हलवता येत नव्हती. उरलेल्या नऊ-दहा महिन्यांत बहुतेक सिनेमा नव्याने केला. वुडी संग्रहालयात जाणार की आपल्या छोट्या मालकाकडे, अँडीकडे परतणार, हा प्रश्न आधीही होताच. पण तो परतणार हे सगळ्यांना ठाऊक, मग उत्कंठा कसली? म्हणून जेसी या बाहुलीचं जुन्या मालकिणीबद्दलचं गाणं आलं, आणि अँडीही एक दिवस मोठा होणार हे वुडीला दिसलं. आता न परतणंही शहाणपणाचं वाटू शकतं. कामाच्या ताणाने मात्र माणसं आजारी पडली, हातांची दुखणी घेऊन बसली. तेही याच हकिकतीत धरायला हवं.

आणि तारीख जवळ आली असतानाही कोणीतरी बदल करतंच. 'वॉल-ई' २००८ चा. २००७ मधल्या चाचणी खेळापर्यंत कचऱ्याच्या कोठारातल्या प्रसंगात जायबंदी व्हायची ती ईव्ह, आणि वॉल-ई तिला वाचवायचा (दोघंही यंत्रमानव). नायक नायिकेला वाचवतो, कोणाची काही हरकत नव्हती. खेळानंतर याही सिनेमाचे दिग्दर्शक असलेल्या स्टँटननी उलटं केलं. आता मोडतो वॉल-ई. ईव्ह त्याला दुरुस्त करायला धडपडते, आणि ज्या रोपट्यासाठी तिला पाठवलंय तेच बाजूला टाकते. तो तिला रोपटं दाखवतो, ती ते फेकून देते. मग तो खाणाखुणा करून समजावतो की रोपटं पृथ्वीवर पोचलं तरच माझे सुटे भाग मिळतील. हा सगळा संवाद बिनशब्दांचा आहे, आणि आधीच्या आवृत्तीत याला जागाच नव्हती, कारण तिथे ईव्ह बेशुद्ध होती.

शेवटची रांग

हे माहीत नव्हतं. हा बदल मान्य. पण तो स्टँटनच्याच सिनेमात स्टँटननीच केला, एवढं नोंदवून ठेवतो.

पडद्यामागून

नोंदवा. पण लोक बघून गेल्यावर केला, हेही नोंदवा.